विश्लेषण : निकामी उजवा हात, डाव्या हाताने दोन ऑलिम्पिक सुवर्णे... कारोय ताकाच यांची व्हायरल गोष्ट नेमकी किती खरी?

दहावी-बारावीचे निकाल लागले, एमपीएससीचा कटऑफ आला किंवा नवे वर्ष सुरू झाले, की सोसायटीच्या आणि शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक गोष्ट हमखास येते. हंगेरीचा एक सैनिक, देशातला सर्वोत्तम पिस्तूल नेमबाज. हातात ग्रेनेड फुटतो, उजवा हात जातो. मग तो डाव्या हाताने सराव करतो आणि ऑलिम्पिक सुवर्ण जिंकतो. नाव कधी ‘कॅरोली टाकाक्स’ असते, कधी ‘करोली टकास’. हंगेरियन उच्चार साधारण ‘कारोय ताकाच’ असा होतो.

फॉरवर्डमधली गोष्ट बऱ्याच अंशी खरी आहे. मात्र त्यात दोन मोठ्या गोष्टी गळतात. ग्रेनेड फुटण्याच्या दोन वर्षे आधीच ताकाच यांना ऑलिम्पिकचे दार बंद करण्यात आले होते, आणि त्याला कारण त्यांचा खांद्यावरचा हुद्दा होता. दुसरी गोष्ट तांत्रिक आहे. हात बदलणे म्हणजे पिस्तूल या हातातून त्या हातात घेणे एवढेच नसते. रेंजवर एकदा तरी उभे राहिलेल्या कुणालाही हे लगेच कळेल. म्हणून ही गोष्ट सुरुवातीपासून.

सार्जंट होते म्हणून १९३६ हुकले

ताकाच यांचा जन्म २१ जानेवारी १९१० रोजी बुडापेस्टमध्ये झाला. ते हंगेरीच्या सैन्यात दाखल झाले आणि तिथेच पिस्तूल नेमबाजीत पुढे आले. १९३६ पर्यंत त्यांची गणना जागतिक दर्जाच्या नेमबाजांत होऊ लागली होती. त्या वर्षी बर्लिनमध्ये ऑलिम्पिक होते.

हंगेरीच्या संघात मात्र त्यांना घेतले गेले नाही. ताकाच सार्जंट होते आणि तेव्हाच्या नियमानुसार केवळ कमिशन्ड अधिकाऱ्यांनाच स्पर्धेत उतरता येत असे. नेम किती अचूक आहे, हा प्रश्नच त्या नियमात नव्हता. बर्लिनमध्ये रॅपिड फायर पिस्तुलाचे सुवर्ण जर्मनीच्या कॉर्नेलियस फान ओयेन यांनी नेले. ताकाच त्या वेळी २६ वर्षांचे होते, म्हणजे या खेळासाठी अगदी योग्य वयाचे.

बर्लिननंतर हंगेरीने हा नियम मागे घेतला. पुढचे ऑलिम्पिक १९४० मध्ये टोकियोत होणार होते आणि ताकाच यांची नजर आता तिकडे होती.

१९३८ मध्ये काय घडले?

लष्करी प्रशिक्षणादरम्यान एक सदोष ग्रेनेड त्यांच्या उजव्या हातात फुटला. ज्या हाताने ते नेम धरत, तो हात निकामी झाला. अनेक फॉरवर्डमध्ये ‘हात कापावा लागला’ असे असते. क्रीडा नोंदींमध्ये हाताच्या चिंधड्या झाल्याचा, गंभीर दुखापतीचा उल्लेख येतो. पिस्तूल धरण्याच्या दृष्टीने फरक शून्य.

सुमारे महिनाभर ते रुग्णालयात होते. बाहेर आल्यावर त्यांनी डाव्या हाताने सराव सुरू केला आणि त्याची वाच्यता केली नाही. हा भाग फॉरवर्डमध्ये आहे आणि तो खरा आहे. १९३९ च्या वसंतात हंगेरीच्या राष्ट्रीय पिस्तूल स्पर्धेत ते दिसले, तेव्हा जुने सहकारी भेटायला आले, सांत्वन करू लागले. हा माणूस सामने बघायला आला आहे, असाच सर्वांचा समज होता. ताकाच यांनी आपण बघायला नव्हे, तर खेळायला आल्याचे सांगितले आणि ती स्पर्धा जिंकली. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधील ल्युसर्न येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत ऑटोमॅटिक पिस्तूल प्रकारात सांघिक विजेत्या ठरलेल्या हंगेरीच्या संघातही ते होते.

म्हणजे अपघात १९३८ चा आणि राष्ट्रीय विजेतेपद १९३९ चे. मधला काळ काही महिन्यांचाच.

हात बदलणे इतके अवघड का?

स्पर्धेचे पिस्तूल हे बाजारातल्या चपलेसारखे ‘साइज बघून घ्या’ प्रकारचे नसते. त्याची मूठ, म्हणजे ग्रिप, एका विशिष्ट हातासाठी घडवलेली असते. उजव्या हाताच्या ग्रिपमध्ये अंगठ्याची खाच डाव्या बाजूला, बोटांचे उंचवटे उजव्या बाजूला आणि तळहाताच्या कडेखाली आधाराची लाकडी फळी. ते पिस्तूल डाव्या हातात दिले तर ते धड बसतही नाही. त्यामुळे हात बदलणाऱ्या नेमबाजासाठी ओळखीचे पिस्तूलही नवे होऊन जाते.

आजही मुंबईत एखाद्या नेमबाजाकडे नवे पिस्तूल आले, की पहिले काही दिवस गोळ्या झाडण्यात कमी आणि मूठ जुळवण्यात जास्त जातात. लाकूड जिथे टोचते तिथे कानस, मग पॉलिश पेपर. जिथे पोकळ राहते तिथे पुटी. डोळे मिटून हात वर करायचा, डोळे उघडायचे आणि पुढची माशी मागच्या खाचेत आपोआप मधोमध आली का ते पाहायचे. आली नाही तर पुन्हा कानस. हे जमेपर्यंत रिकाम्या पिस्तुलाने चाप ओढण्याचा सराव, म्हणजे ड्राय फायरिंग, घरच्या भिंतीसमोर उभे राहून शेकडो वेळा करायचा.

त्यानंतर रेंज. पहिल्या गोळ्या मधोमध लागल्या का, याला फार महत्त्व नसते. त्या एकमेकींजवळ लागल्या का, हे बघतात. याला नेमबाज ‘ग्रुप’ म्हणतात. ग्रुप लहान पण बाजूला असेल तर साइटचा स्क्रू दोन-चार क्लिक फिरवून तो मध्यावर आणता येतो. ग्रुपच पसरलेला असेल तर दोष मुठीत, चापात, काडतुसाच्या लॉटमध्ये किंवा (बहुतेक वेळा) पिस्तूल धरणाऱ्यात असतो.

आता थोडे गणित. २५ मीटरच्या पिस्तुलात मागची खाच आणि पुढची माशी यांतले अंतर आजच्या नियमानुसार जास्तीत जास्त २२ सेंटीमीटर असते. माशी खाचेत फक्त १ मिलिमीटर सरकली, तर २५ मीटरवर गोळी सुमारे ११ सेंटीमीटर सरकते. रॅपिड फायरच्या आजच्या टार्गेटवर १० गुणांचे वर्तुळ १० सेंटीमीटर व्यासाचे आहे. म्हणजे मध्यापासून ५ सेंटीमीटरची सवलत. मनगटातला अर्ध्या मिलिमीटरचा थरथराट तुम्हाला १० गुणांच्या बाहेर काढायला पुरेसा आहे.

यात आणखी डोळ्याची भानगड आहे. हातांप्रमाणे आपला एक डोळाही ‘प्रमुख’ असतो. उजव्या हाताच्या बहुतेकांचा उजवा. डाव्या हातात पिस्तूल घेऊन उजव्या डोळ्याने नेम धरायचा तर मान वळवावी लागते, उभे राहण्याचा कोन बदलतो, शरीराचा तोल बदलतो. किंवा डोळाही बदलायचा, आणि मेंदूला ते शिकवायचे. चाप ओढणारे बोट तर वेगळेच प्रकरण. उजव्या हाताच्या तर्जनीला वर्षानुवर्षांच्या सरावाने जी हळुवार ओढ जमलेली असते, ती डाव्या तर्जनीला शून्यातून शिकवावी लागते. हवे तर आज रात्री डाव्या हाताने सही करून पाहा. मग तीच सही चार सेकंदांत पाच वेळा, दर वेळी हुबेहूब सारखी.

चार सेकंद हा आकडा उगाच घेतलेला नाही.

रॅपिड फायर पिस्तूल म्हणजे काय?

ताकाच यांचा प्रकार २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूल. समोर पाच टार्गेट ओळीने उभी असतात. नेमबाजाचा हात खाली. टार्गेट दिसली की हात वर उचलायचा आणि प्रत्येक टार्गेटवर एक अशा पाच गोळ्या झाडायच्या. आधी ८ सेकंदांत, मग ६ सेकंदांत, मग ४ सेकंदांत. ३० गोळ्यांच्या दोन फेऱ्या, एकूण ६० गोळ्या, जास्तीत जास्त ६०० गुण. एकच हात वापरायचा, दुसऱ्या हाताचा आधार चालत नाही. त्यामुळे हा खेळ एका हाताच्या माणसासाठी नियमांच्या दृष्टीने खुला होता.

४ सेकंदांच्या मालिकेत सरासरी एका गोळीला ०.८ सेकंद मिळतात. त्यातही हात वर आणण्यात पहिला वेळ जातो, त्यामुळे उरलेल्या चार गोळ्यांना त्याहून कमी. दर गोळीनंतर पिस्तूल उसळते, ते सावरून पुढच्या टार्गेटवर न्यायचे, थांबायचे, ओढायचे. यात विचार करायला जागाच नाही. जे करायचे ते हाताला पाठ असावे लागते. ताकाच यांच्या उजव्या हाताला ते पाठ होते. डाव्याला २८ व्या वर्षी बाराखडीपासून सुरुवात करायची होती.

भारतीय वाचकांना हा प्रकार २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमुळे आठवेल. विजय कुमार यांनी याच प्रकारात रौप्य जिंकले होते.

मग १९४० चे ऑलिम्पिक?

झालेच नाही. जपान चीनशी युद्धात गुंतला, टोकियोने यजमानपद सोडले, ते हेलसिंकीकडे गेले आणि मग दुसऱ्या महायुद्धात स्पर्धाच रद्द झाली. १९४४ चे ऑलिम्पिक लंडनला होते, तेही रद्द.

हंगेरीसाठी ही वर्षे भीषण होती. देश जर्मनीच्या बाजूने युद्धात ओढला गेला आणि १९४४-४५ च्या हिवाळ्यात बुडापेस्टला सोव्हिएत फौजांचा वेढा पडला. ताकाच सैन्यातच होते. फॉरवर्डमध्ये या काळाला एक वाक्य मिळते : दोन ऑलिम्पिक रद्द झाली, तरी तो थांबला नाही. एवढ्यावर हा काळ निकालात काढणे सोपे आहे. खेळाडूच्या वयाचा हिशेब केला तर चित्र वेगळे दिसते. २६ व्या वर्षी हुद्द्यामुळे संधी गेली, ३० व्या आणि ३४ व्या वर्षी युद्धामुळे. डावा हात तयार होऊन नऊ वर्षे झाली होती आणि त्याला दाखवायला ऑलिम्पिकचे मैदानच नव्हते.

लंडन १९४८ : अर्जेंटिनाच्या विजेत्याचा प्रश्न

युद्धानंतरचे पहिले ऑलिम्पिक लंडनमध्ये झाले. रेशनिंग सुरू होते, नवी स्टेडियम बांधली गेली नाहीत. नेमबाजी लंडनबाहेर बिस्ली येथील जुन्या रेंजवर झाली. ताकाच तेव्हा ३८ वर्षांचे होते.

या प्रकारात सर्वांचा अंदाज अर्जेंटिनाच्या कार्लोस एन्रिके दियास साएन्स वालियेन्ते यांच्यावर होता. ते १९४७ चे जागतिक विजेते होते. स्पर्धेआधी त्यांनी ताकाच यांना इथे कशासाठी आलात, असे विचारल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. ताकाच यांनी शिकायला आल्याचे उत्तर दिले. पुढे पदक समारंभाच्या वेळी, तुमचे शिक्षण पुरेसे झालेले दिसते, अशा अर्थाचे उत्तर त्यांना साएन्स वालियेन्ते यांच्याकडून मिळाले. शब्द प्रत्येक पुस्तकात थोडे वेगळे आढळतात, त्यामुळे फॉरवर्डमधील अवतरणचिन्हांवर फार विसंबू नये.

निकालाचे आकडे मात्र पक्के आहेत. ताकाच ६०० पैकी ५८०, विश्वविक्रम. साएन्स वालियेन्ते ५७१, रौप्य. स्वीडनचे स्वेन लुंडक्विस्ट ५६९, कांस्य. रौप्य आणि कांस्य यांत दोन गुणांचे अंतर, आणि सुवर्ण त्यांच्या नऊ गुण पुढे. सरासरी काढली तर ताकाच यांची प्रत्येक गोळी साधारण ९.६७ गुणांची होती.

हेलसिंकी १९५२ : एका गुणाचे सुवर्ण

चार वर्षांनी हेलसिंकी. इथे मराठी वाचकाने जरा थांबावे, कारण याच स्पर्धेत कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. खाशाबा १९४८ ला लंडनमध्येही होते, तिथे ते सहावे आले होते. म्हणजे ताकाच आणि खाशाबा यांची दोन्ही ऑलिम्पिक एकच. १९५२ च्या निवडीसाठी खाशाबांना झगडावे लागले, प्रवासखर्चासाठी लोकवर्गणी उभी करावी लागली. हंगेरीत हुद्द्याचा नियम आडवा आला होता, इथे निवड आणि पैसा. दोघांनाही आपल्या खेळाच्या बाहेरचे अडथळे आधी पार करावे लागले.

हेलसिंकीत ताकाच ४२ वर्षांचे होते. त्यांचा सगळ्यात जवळचा प्रतिस्पर्धी त्यांच्याच संघातला निघाला. सिलार्ड कुन, वय १७. ताकाच ५७९, कुन ५७८. रुमानियाचे गेओर्गे लिकियार्दोपोल हेही ५७८ वर, त्यांना कांस्य. ६० गोळ्यांमध्ये एका गुणाचा फरक! कुन हे ताकाच यांच्याच तालमीत तयार झालेले मानले जातात. गुरूने शिष्याला एका गुणाने मागे टाकले, यातला आनंद कुणाचा मोठा, हे ठरवणे कठीण.

रॅपिड फायर पिस्तुलात दोन ऑलिम्पिक सुवर्णे जिंकणारे ताकाच हे पहिले नेमबाज ठरले. आणि एक योगायोग : युद्धामुळे हुकलेली ऑलिम्पिक, १९४० चे शेवटी हेलसिंकीला आणि १९४४ चे लंडनला व्हायचे होते. त्याच दोन शहरांत त्यांनी ही सुवर्णे घेतली.

‘अपंगत्वावर मात करणारे पहिले ऑलिम्पियन’ हे खरे आहे का?

नाही, आणि हा दावा काही पोस्टमध्ये असतो. त्यांच्या आधी अमेरिकेचे जिम्नॅस्ट जॉर्ज आयझर यांनी १९०४ मध्ये लाकडी पायावर ऑलिम्पिक पदके जिंकली. हंगेरीचेच वॉटरपोलोपटू ओलिवेर हालाशी यांचा एक पाय गुडघ्याखाली नव्हता, तरी त्यांच्याकडे १९३२ आणि १९३६ ची सुवर्णे होती. विशेष म्हणजे १९३६ ला हालाशी बर्लिनमध्ये खेळत होते आणि दोन्ही हात धडधाकट असलेले ताकाच घरी होते. पॅरालिम्पिक चळवळीचा उगमही १९४८ चाच. लंडन ऑलिम्पिक सुरू झाले त्याच दिवशी, २९ जुलैला, इंग्लंडमधील स्टोक मँडविल रुग्णालयात जखमी सैनिकांच्या स्पर्धा भरवण्यात आल्या होत्या. ताकाच यांच्यासाठी वेगळी स्पर्धा, वेगळा गट किंवा गुणांची सवलत कधीच नव्हती.

तिसरे ऑलिम्पिक आणि त्यानंतर

फॉरवर्ड हेलसिंकीत संपते. ताकाच यांची कारकीर्द तिथे संपली नाही. १९५६ मध्ये ते ४६ व्या वर्षी मेलबर्नला उतरले. त्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हंगेरीतला उठाव सोव्हिएत रणगाड्यांनी चिरडला होता आणि लगेच २२ नोव्हेंबरला ऑलिम्पिक सुरू झाले. हंगेरीचे खेळाडू कोणत्या मन:स्थितीत मेलबर्नला असतील, याची कल्पना करता येते. ताकाच आठवे आले. सुवर्ण रुमानियाच्या श्तेफान पेत्रेस्कू यांनी ५८७ गुणांनी जिंकले. लंडनमध्ये विश्वविक्रम ठरलेले ५८० गुण या वेळी पदकालाही पुरले नसते, कारण कांस्य ५८१ वर गेले होते. आठ वर्षांत खेळ एवढा पुढे गेला होता. पिस्तुले सुधारली होती, मुठी सुधारल्या होत्या, सरावाच्या पद्धती बदलल्या होत्या.

देशात मात्र त्यांचा दबदबा कायम राहिला. हंगेरीची ३५ राष्ट्रीय विजेतेपदे त्यांच्या नावावर आहेत. नेमबाजी सोडल्यावर ते प्रशिक्षक झाले. आणि ज्या सैन्याने सार्जंट म्हणून त्यांना बर्लिनपासून रोखले होते, त्याच सैन्यातून ते लेफ्टनंट कर्नल होऊन निवृत्त झाले.

मुंबईत आज डाव्या हाताचा नेमबाज काय करतो?

घाटकोपर पश्चिमेला ‘रायफल रेंज’ नावाचा भाग आहे, पण उपनगरातल्या मुलांची या खेळाशी ओळख होते ती बहुधा १० मीटर एअर पिस्तुलाने, एखाद्या क्लबच्या बंदिस्त हॉलमध्ये. पुढे जायचे तर वरळीची महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आणि मोठ्या स्पर्धांसाठी पुण्याचे बालेवाडी. क्लबमधली सामायिक पिस्तुले बहुतेक उजव्या मुठीची असतात. डावखुऱ्या मुलाला सुरुवातीला जमेल ते वापरावे लागते किंवा डाव्या मुठीचे पिस्तूल मागवून वाट बघावी लागते. स्पर्धेची चांगली पिस्तुले आजही परदेशातूनच येतात. पॉइंट २२ च्या पिस्तुलाला शस्त्र परवाना लागतो, त्यामुळे पालकांचा हिशेब बंदुकीच्या किमतीवर थांबत नाही.

राज्याचा या खेळातला इतिहास मात्र मोठा आहे. अंजली भागवत २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये अंतिम फेरीत पोहोचल्या. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये जगज्जेत्या झाल्या, राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकले. २०२४ मध्ये पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवले, तेव्हा खाशाबांनंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला ७२ वर्षे लागल्याची चर्चा झाली.

ताकाच यांच्या दोन सुवर्णांशी बरोबरी व्हायला २० वर्षे लागली. पोलंडच्या युझेफ झापेंदझ्की यांनी १९६८ आणि १९७२ मध्ये रॅपिड फायर पिस्तुलाचे सुवर्ण जिंकले. पुढे जर्मनीच्या राल्फ शुमान यांनी १९९२, १९९६ आणि २००४ अशी तीन सुवर्णे घेतली. ते पाहायला ताकाच नव्हते. ५ जानेवारी १९७६ रोजी, ६६ व्या वाढदिवसाला १६ दिवस बाकी असताना, त्यांचे निधन झाले.